वर्गणीचं नेव्हिगेशन ॲप नाशिककराने पुन्हा भरावं का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधलं कुटुंब, घरात एक कार आणि एक स्कूटर. महिन्या-दोन महिन्यांतून मुंबई किंवा पुणे, पावसाळ्यात सापुतारा नाहीतर भंडारदरा, आणि पेठ रस्त्याला आत शेत आहे तिथे आठवड्याला एक फेरी. पूर्वी रस्त्यात रेंजची बोंब होती म्हणून ऑफलाइन नकाशे देणारं एक परदेशी ॲप वर्गणी भरून घेतलं होतं. आता मुदत संपत आली आहे आणि फोन रोज आठवण करून देतो आहे. भरावी की सोडून द्यावी?

एवढ्याच वापरासाठी भरू नये. पण ‘फुकट मिळतं तर कशाला’ हे कारण अर्धवट आहे. काही जणांना हेच पैसे भरणं सरळ फायद्याचं असतं, आणि गंमत म्हणजे नेमके तेच भरत नाहीत. तेव्हा पैसे कशाचे जातात ते आधी सुटं करून बघू.

तुम्ही कुठे आहात हे कळायला पैसे लागत नाहीत. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेईदोऊ आणि आपलं नाविक यांपैकी जे जे फोनच्या चिपला ऐकू येतं ते सगळं फुकट. त्याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. इंटरनेट असलं तर सुरुवात तेवढी लवकर होते, कारण कोणता उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती नेटवरून क्षणात येते. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते; एका उपग्रहाकडून ती पुरी यायला साधारण ३० सेकंद लागतात आणि मध्ये झाडं, डोंगर आले की ते काम लांबतं. मोखाड्याच्या बाजूला फोन बंद करून पुन्हा चालू केला आणि निळा ठिपका यायला दोन-तीन मिनिटं लागली, तर दोष ॲपचा नाही. पैसे घेणारं ॲप असो वा न घेणारं, जागा दोघंही त्याच चिपला विचारतात. ‘पेड ॲपचं जीपीएस पक्कं असतं’ ही समजूत त्यामुळे डोक्यातून काढून टाकायची.

पैसे जातात ते नकाशाचे, रस्ता काढून देण्याचे, ट्रॅफिकच्या माहितीचे आणि पत्ता शोधून देण्याचे. यातला पहिला मुद्दा, म्हणजे नकाशा फोनमध्येच साठवून ठेवणं, हा एके काळी वर्गणीच्या ॲपांचा हुकमी एक्का होता. आता तो उरलेला नाही. गुगल मॅप ऑफलाइन नकाशे देतं, हिअर वीगो देतं, लोकांनी मिळून भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड ही ॲपं देतात.

मात्र बहुतेकांचा ऑफलाइन नकाशा चुकीचा उतरवलेला असतो, आणि मग ‘ऐन वेळी चाललं नाही’ म्हणून पुन्हा वर्गणीकडे वळतात. गुगल मॅपमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप करून ऑफलाइन नकाशांत जा, स्वतःचा भाग निवडायचा पर्याय घ्या आणि चौकट बोटांनी ताणा. नाशिक जिल्हा सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. तो एका चौकटीत बसतो. पण चौकट जिल्ह्याच्या हद्दीवर थांबवू नका. पश्चिमेला जव्हार, उत्तरेला सापुतारा आणि त्याच्या पलीकडचा डांग, दक्षिणेला अकोले-राजूर आत येऊ द्या. ऑफलाइन असताना रस्ता निघण्यासाठी सुरुवात, शेवट आणि मधला सगळा मार्ग उतरवलेल्या भागात असावा लागतो. मधले पाच किलोमीटर चौकटीबाहेर गेले तरी रस्ता मिळत नाही, आणि आपल्याकडचे घाटरस्ते तर हद्द ओलांडल्याशिवाय राहतच नाहीत. मुंबई आणि पुण्याच्या चौकटी वेगळ्या उतरवा. सगळं मिळून काही शे एमबी ते एखादा जीबी जागा जाईल; वायफायवर करा.

त्याच पानावर सेटिंगमध्ये नकाशे आपोआप अपडेट होण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते. ती संपली की नकाशा गुपचूप जातो, आणि हे कळतं ते पेठच्या पुढे रेंज गेल्यावर.

मग घरीच तपासणी करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा, पेठमधला एखादा पेट्रोल पंप शोधा आणि घरापासून तिथपर्यंत रस्ता काढा. निघाला तर काम झालं. मर्यादाही ध्यानात ठेवा: गुगलच्या ऑफलाइन नकाशात फक्त गाडीचा रस्ता निघतो. पायी चालायचा निघत नाही, ट्रॅफिक दिसत नाही, दुसरा पर्यायी रस्ता सुचवला जात नाही. आणखी एक नेहमीचा गोंधळ: नेट असताना सुरू केलेला प्रवास रेंज गेल्यावरही नीट चालू राहतो, म्हणून वाटतं की ऑफलाइन नकाशाची गरजच नाही. खरं तर तेव्हा आधी आणून ठेवलेला रस्ताच दिसत असतो. एक वळण चुकलं की नवा रस्ता काढायला नकाशा लागतो, आणि तो नसेल तर ॲप नुसतं गोल गोल फिरत बसतं.

जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स टाकून ठेवा. जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, नकाशा उतरवला की शोध आणि रस्ता दोन्ही फोनच्या आतच चालतात. पत्ते शोधायला ते कच्चं आहे, दुकानं आणि दवाखाने कमी सापडतात. पण शेतरस्ते, पायवाटा, धरणांच्या कडेचे कच्चे रस्ते बऱ्याच ठिकाणी गुगलपेक्षा जास्त भरलेले असतात, कारण ते स्थानिक हौशी लोकांनी चालून, बघून टाकलेले आहेत.

आता ट्रॅफिक. इथे वर्गणीचं ॲप हरतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रस्ता लाल दिसतो तो कुठल्या कॅमेऱ्यामुळे नव्हे, तर त्या रस्त्यावरून जाणाऱ्या फोनांच्या वेगामुळे. ज्याच्याकडे जास्त फोन त्याची माहिती जास्त खरी. कसारा घाटात ट्रक बंद पडला की काही मिनिटांत शेकडो फोन थांबतात आणि गुगलला ते लगेच कळतं. वर्गणीच्या परदेशी ॲपचे त्या क्षणी घाटात मोजकेच ग्राहक असतील. काही ॲपं ट्रॅफिकची माहिती दुसऱ्यांकडून विकत घेतात, तरी भारतातल्या रस्त्यांवर ती तेवढी दाट नसते. वेझ हे ॲपही गुगलच्याच मालकीचं आहे, २०१३ पासून. ते पोलीस, अपघात, खड्डे यांच्या खबरी चालकांकडून घेतं, पण ऑफलाइन नकाशा देत नाही, त्यामुळे आपल्या घाटांत त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही.

याच तर्काची उलटी बाजू: रात्री अकराला जव्हार रस्ता निळा, मोकळा दिसतो याचा अर्थ तो मोकळा आहे असा नव्हे. त्या वेळी तिथे फोनच नसतात. माहिती नसणं आणि अडथळा नसणं पडद्यावर सारखंच दिसतं.

नकाशा किती ताजा आहे हा पुढचा प्रश्न, आणि नाशिकच्या माणसासाठी तो सध्या सगळ्यात महत्त्वाचा. समृद्धी महामार्ग तुकड्या-तुकड्यांनी खुला झाला: नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. या टप्प्यामुळे नाशिकहून मुंबईला जाताना इगतपुरीजवळ समृद्धीवर चढून कसारा घाट पूर्ण टाळता येतो. ज्या ॲपचा नकाशा वर्षातून तीन-चार वेळा अपडेट होतो, त्यात असा रस्ता महिनोन् महिने नसतो; गाडी समृद्धीवरून धावते आणि पडद्यावर ती शेतातून चाललेली दिसते. वर्गणी भरायचीच असेल तर आधी विकणाऱ्याच्या नकाशात हा टप्पा आणि त्याचे चढ-उतार बरोबर आहेत का ते बघा. दोन मिनिटांत ॲपची लायकी कळते.

समृद्धी ॲपवर दिसतच नाही, अशीही तक्रार असते. दहातल्या नऊ वेळा टोल टाळण्याचा पर्याय चालू राहिलेला असतो किंवा ॲप दुचाकीच्या मोडमध्ये असतं. दुचाकींना समृद्धीवर बंदी आहे, त्यामुळे दुचाकी मोड तो रस्ता सुचवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. टोलचा हिशेब मात्र स्वतः करा. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर चालतो. समृद्धी राज्याची आहे, तिथे तो चालत नाही. पास असलेल्याला घाटाचा रस्ता आणि समृद्धी यांच्या खर्चातला फरक ॲपवर दिसतो त्यापेक्षा मोठा पडतो.

इगतपुरीचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे आणि आत उपग्रह दिसत नाहीत. फोन मागच्या वेगावरून अंदाजाने ठिपका पुढे ढकलतो. तुम्ही वेग कमी केलात तर ठिपका पुढे निघून जातो किंवा अडकून पडतो. गाडीत बसवलेल्या नेव्हिगेशनला चाकांचा वेग आणि वळणाचा सेन्सर मिळतो, त्यामुळे ते बोगद्यातही ठीक चालतं. हा त्याचा खरा फायदा आहे. पण बोगद्यात वळायला कुठेच जागा नाही, तेव्हा या फायद्यासाठी किती मोजायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात आणि त्र्यंबक रस्त्याला कामं निघत राहणार, आणि पर्वणीच्या दिवसांत पोलीस वाहतुकीचे मार्ग रोजच्या रोज बदलतात. असे आदेश कुठल्याही ॲपमध्ये वेळेवर शिरतील या भरवशावर राहू नका. त्या दिवसांत शहर वाहतूक शाखेची अधिसूचना आणि सकाळचं वर्तमानपत्र पाहिल्याशिवाय गाडी काढूच नये.

उड्डाणपुलाचा प्रश्न प्रत्येक नाशिककराला माहीत आहे. मुंबई नाका ते आडगाव नाक्याच्या पट्ट्यात वर पूल, खाली सर्व्हिस रोड. द्वारकेला उतरायचं असून तुम्ही वर चढलात तर ॲप बराच वेळ शांतपणे ‘डावीकडे वळा’ सांगत राहतं. कारण साधं आहे. उघड्या आकाशाखाली फोनची जागा पाच-दहा मीटरपर्यंत चुकते आणि उंचीतली चूक त्याहून मोठी असते. पूल आणि खालचा रस्ता नकाशावर एकाच रेघेवर, उंचीत फरक सहा-सात मीटरचा. फोनला ते ओळखणं जवळपास अशक्य, मग ॲप कोणतं का असेना. यावर उपाय पैशांचा नाही, आधी बघण्याचा आहे: पूल चढावा की खालून जावं हे सांगणारी सूचना गुगल आता बऱ्याच शहरांत देतं, आणि मॅपल्स या आपल्या देशी ॲपमध्ये मोठ्या चौकांची चित्रं येतात, त्यात कोणती लेन धरायची ते ठळक दिसतं. मॅपल्सही फुकट आहे. चौकांच्या आणि गतिरोधकांच्या सूचनांसाठी ते परदेशी पेड ॲपांपेक्षा उजवं वाटतं; ट्रॅफिकमध्ये मात्र गुगलच्या मागे आहे.

पत्ता शोधण्यात पैसे भरून घेतलेलं ॲप सगळ्यात जास्त निराश करतं. नुसतं ‘पिंपळगाव’ टाकून बघा. पिंपळगाव बसवंत निफाड तालुक्यात, पिंपळगाव बहुला सातपूरच्या पुढे, पिंपळगाव खांब शहराच्या दक्षिणेला. तिन्हींत मिळून शहराच्या तीन दिशा झाल्या. परदेशी नकाशांत यांतलं एखादंच असतं, स्पेलिंग भलतंच असतं, आणि देवनागरीत टाइप केलं तर काहींना ओळखताच येत नाही. गट नंबर, वस्ती, मळा, ‘पाण्याच्या टाकीच्या मागे’ हे तर कुणालाच जमत नाही. शेताचं फाटक, खळं, विहीर अशा जागांची पिन तिथे उभं राहून एकदा सेव्ह करून ठेवा आणि मजूर किंवा टेम्पोवाल्याला तीच पाठवा. गुगलचा प्लस कोड, म्हणजे पत्त्याऐवजी जागा सांगणारा छोटा कोड, ऑफलाइनही चालतो. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलं आहे: दहा अक्षरांचा कोड, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवणारा. कागदावर लिहून ठेवायला तो सोयीचा आहे. जुन्या नाशकात, दहीपूल-भद्रकालीच्या गल्ल्यांत, पिन बरोबर असूनही गाडी नेऊ नका. नकाशाला रस्ता दिसतो, त्याची रुंदी दिसत नाही. तिथे स्कूटर आणि गुगलचा दुचाकी मोड. हा मोड डिसेंबर २०१७ मध्ये भारतापासूनच सुरू झाला.

आता सुरक्षिततेचा मुद्दा, कारण ‘पैसे भरले तर निदान चुकीच्या रस्त्याला तरी नेणार नाही’ असं बरेच जण धरून चालतात. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक गाडी ॲपने दाखवलेल्या रस्त्याने गेली. पुढचा पूल धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी पाण्यात गेली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघं गेले. दोन्ही ठिकाणी रस्ता नकाशावर होता, जमिनीवर नव्हता. पाण्याखाली जाणारा पूल वर्षाचे काही महिने रस्ता असतो आणि काही महिने नसतो. ही नोंद नकाशात ठेवण्याची पद्धतच जवळपास कुठे नाही, आणि तिमाहीने अपडेट होणाऱ्या पेड नकाशात तर शक्यच नाही. आपल्याकडे गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीवरचा रामसेतू पूल आणि गोदाघाटाचे खालचे रस्ते पाण्याखाली जातात. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या किती वर पाणी आहे हे गाव विचारतं, ॲप विचारत नाही. पावसाळ्यात रात्री अनोळखी आडरस्ता सुचवला गेला आणि त्याने वीस-पंचवीस मिनिटंच वाचत असतील, तर मोठा रस्ता सोडू नका. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर उतरून बघायचं, आणि तळ दिसत नसेल तर मागे फिरायचं.

मग पैसे भरावेत कोणी?

पहिले, अवजड वाहनवाले. दिंडोरी-पिंपळगावहून द्राक्षांचा किंवा लासलगावहून कांद्याचा कंटेनर न्हावाशेवाला जातो. हाय क्यूब कंटेनरची उंची साडेनऊ फूट, म्हणजे जवळपास २.९ मीटर, त्यात ट्रेलरची उंची मिळवली की साडेचार मीटरच्या घरात जातं. गुगल मॅप तुम्हाला उंची, वजन, लांबी विचारत नाही, त्यामुळे ते हा कंटेनर बिनदिक्कत रेल्वेच्या बोगदीकडे किंवा हाइट बॅरियरकडे नेतं. सिजिकसारख्या नेव्हिगेशन ॲपांची ट्रकसाठी वेगळी पेड आवृत्ती आहे, तीत ही मापं भरता येतात आणि रस्ता त्याप्रमाणे निघतो. ट्रेलर अरुंद रस्त्यात अडकला तर रिव्हर्स काढायला जाणारा वेळ आणि शीतकंटेनरमधला माल यांच्यापुढे वर्षाची वर्गणी किरकोळ आहे. पण एक अट. आपल्याकडच्या पुलांची आणि बॅरियरची उंची युरोपइतकी नकाशात भरलेली नाही. ट्रायलच्या मुदतीत तुम्हाला माहीत असलेले चार-पाच अडचणीचे बिंदू निवडा, गाडीची मापं भरा आणि ॲप त्यांच्याखालून रस्ता काढतं का ते पाहा. दोन ठिकाणी जरी काढलं, तरी पैसे भरू नका. शहरात अवजड वाहनांच्या प्रवेशबंदीच्या वेळाही बऱ्याचदा नकाशात नसतात, त्या चालकाच्या डोक्यातच असाव्या लागतात.

दुसरे, रोज माल वाटणारे: औषधं, दूध, बेकरी, स्पेअर पार्ट. गुगल मॅपमध्ये एका फेरीत जेमतेम दहा थांबे टाकता येतात आणि त्यांचा क्रम तुम्हालाच लावावा लागतो. अंबड, सिडको, इंदिरानगर, सातपूर मिळून ३५ दुकानं असतील तर क्रम लावून देणारं पेड ॲप घेणं योग्य. हिशेब असा करा: रोज आठ किलोमीटर वाचले, टेम्पो लिटरला १२ चा ॲव्हरेज देतो, डिझेल ९० रुपये धरलं, म्हणजे दिवसाला ६० रुपये, महिन्याच्या २५ दिवसांचे १,५००. वर्गणी त्याहून बरीच कमी असेल तर घ्या. पण गंगापूर रोडची ठरलेली बारा गिऱ्हाइकं रोज त्याच क्रमाने करणाऱ्याला यातलं काही नको. त्याचा क्रम त्याच्या हाताला बसलेला असतो.

तिसरे, डोंगरात फिरणारे. हरिहर, अंजनेरी, साल्हेर, धोडप इथे गुगलच्या नकाशात पायवाटा जवळपास नाहीतच आणि ऑफलाइन चालायचा रस्ता निघत नाही. ओस्मअँडची फुकट आवृत्ती मर्यादित नकाशे उतरवू देते, उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा आणि इतर सोयी पैसे भरून मिळतात. महिन्यातून दोनदा ट्रेक असेल तर भरा. वर्षातून एकदा जाणाऱ्याला ऑर्गॅनिक मॅप्स पुरतं.

चौथे, परदेशात गाडी चालवणारे. युरोपात पेड ॲपांचे नकाशे, लेनच्या सूचना, वेगमर्यादा खरोखर उत्तम असतात, कारण ती मुळात तिथलीच आहेत: टॉमटॉम नेदरलँड्सची, सिजिक स्लोव्हाकियाची. तेवढ्या महिन्यापुरती वर्गणी घ्या आणि परत आल्यावर बंद करा. स्पीड कॅमेऱ्याच्या सूचना मात्र जर्मनीत आणि फ्रान्समध्ये चालकाने वापरणं बेकायदा आहे, त्या आधी बंद करायच्या.

गाडीबरोबर आलेली ‘कनेक्टेड’ सेवा ही वेगळी बाब. पहिली काही वर्षं ती फुकट असते, मग पैसे मागते. तीत नेव्हिगेशनच्या बरोबर गाडी कुठे आहे ते कळणं, अपघाताचा फोन, लांबून एसी चालू करणं असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. गाडीत फोनचा नकाशा गाडीच्या पडद्यावर आणणारं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर नेव्हिगेशनसाठी ती रिन्यू करायची गरज नाही. बाकीच्या सोयींपैकी तुम्ही काय वापरता तेवढंच मोजा. गाडी चोरीला गेल्यास माग काढण्याची सोय हवी असेल, तर ते एकच कारण पुरेसं आहे.

‘लाइफटाइम’ योजनांबद्दल एक वाक्य: ते आयुष्य ॲपचं असतं, तुमचं नव्हे, आणि नवी आवृत्ती वेगळ्या नावाने आली की जुनी तशीच पडून राहते.

वाचलेल्या पैशांतून दोन वस्तू मात्र चांगल्या घ्या. नेव्हिगेशन चालू आणि पडदा पूर्ण उजेडात असताना जुना एक अँपिअरचा चार्जर फोनला पुरत नाही. चार्जिंगचं चिन्ह दिसतं आणि टक्के उतरत जातात. किमान १८ वॉटचा कार चार्जर आणि धड केबल घ्या. दुसरं, होल्डर. बरेच फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत नीट चालतील असे बनवलेले असतात आणि नाशिकचा मे चाळिशी गाठतो. काचेला चिकटवलेला फोन तापून पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो. एसीच्या जाळीला लावायचा होल्डर घेतला की हा त्रास जातो. स्कूटरवर हँडलला फोन लावत असाल तर कंपन शोषणारा होल्डर लागतो. इंजिनच्या कंपनांनी कॅमेऱ्याची फिरती लेन्स बिघडू शकते, हे ॲपलने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. आणि ‘मध्येच आवाज बंद होतो, ठिपका थांबतो’ याचं कारण बऱ्याचदा फोनची बॅटरी बचत असते: सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनिर्बंध’ करा आणि लोकेशन ‘अचूक’ ठेवा.

वर्गणी बंद करताना ॲप काढून टाकणं म्हणजे वर्गणी बंद करणं नव्हे. पैसे जातच राहतात. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून पेमेंट आणि सदस्यत्वांत जा आणि तिथून रद्द करा. आयफोनवर सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली सदस्यत्वांत, तेही मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी. यूपीआय ऑटोपे दिला असेल तर यूपीआय ॲपमधलं मँडेट (पैसे कापायची दिलेली परवानगी) वेगळं रद्द करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या कपातीला ओटीपी मागितला जात नाही, म्हणून तो मेसेज नजरेतून सुटला की पैसे गेले. चुकून कापले गेलेच तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी नोंदवा, त्यानंतर विकणाऱ्याच्या मागे लागावं लागतं.

रद्द करण्याआधी जुन्या ॲपमध्ये साठवलेल्या जागा बाहेर काढून घ्या. बहुतेक ॲपांत त्या जीपीएक्स किंवा केएमएल फाइलमध्ये निघतात आणि ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडमध्ये तशाच उघडतात. फाइल निघत नसेल तर महत्त्वाच्या जागांचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवा. शेताचं फाटक, पाहुण्यांची वस्ती, पंक्चरवाला, सगळे धरून वीस-पंचवीसच असतात. मुदत संपल्यावर काही ॲपं ती यादी उघडूच देत नाहीत.